गिटार पुसायला कापड कोणतं घ्यावं (आणि कोणतं चुकूनही लावू नये)

लातूरला गिटार शिकवतो, निम्मी लेकरं क्लासेससाठी बाहेरगावाहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, त्यांची गिटार एक तर कपाटावर पडलेली असते नाहीतर कॉटखाली. मार्च लागला की दरवर्षी एकच प्रश्न, सर गिटारवर लई धूळ बसायली, कशानं पुसू? आणि विचारेपर्यंत बहुतेकांनी अंगाचा टॉवेल फिरवून झालेला असतो. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढायलोय, ज्याला लागंल त्यानं वाचावं आणि पुढं पाठवावं.

पहिली गोष्ट आपल्या भागातली धूळ. रस्त्यावरची मुरुमाची पूड, रानातली बारीक काळी माती, ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू झाली की वरून भुसा, हे सगळं खिडक्या लावल्या तरी घरात येतंच. त्या मातीत वाळूचे जे बारीक कण असतात ते गिटारच्या पॉलिशपेक्षा कितीतरी कडक. म्हणजे तुम्ही जगातलं सगळ्यात मऊ कापड घेतलं आणि धुळीसकट दाबून फिरवलं तर ते पॉलिश पेपरसारखंच काम करतं. त्यामुळं कापड निवडताना मऊ आहे का एवढंच बघू नका, ते धूळ स्वतःत उचलून घेतं का नुसती इकडून तिकडं ढकलतं हे बघा, सगळा फरक तिथं आहे.

हे मला कळलं ते माझ्या पहिल्या गिटारवर. काळी, आरशासारखी चकचकीत. गाव माजलगावकडं, वेचणीचे दिवस, पुढच्या खोलीत छपरापर्यंत कापूस भरलेला आणि गिटार त्याच खोलीत खुंटीला. रोज सकाळी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचो, जोर लावून, चमक यावी म्हणून. कापसाबरोबर वाळलेल्या पानाचा चुरा येतो, माती येते, ते सगळं त्या टॉवेलच्या फासांत अडकून बसायचं. दोन महिन्यांनी एक दिवस दारात तिरक्या उन्हात गिटार धरली तर पूर्ण बॉडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे, जिथं जिथं हात फिरला तिथं तिथं. ते आजही आहेत. समोरून दिसत नाहीत, उन्हात धरली की दिसतात, आणि दिसले की अजून वाईट वाटतं.

म्हणून कापड हातात घ्यायच्या आधी एक मऊ ब्रश घ्या. रंगाच्या दुकानात मिळतो तो रुंद, मऊ केसांचा कोरा ब्रश चालतो, मेकअपचा मोठा ब्रश तर लई चांगला. आधी ब्रशनं वरची धूळ झटकायची, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात ती पट्टी) मागं, तारांच्या खाली, ट्युनिंग कीच्या (तारा पिळायच्या खुंट्या) आजूबाजूला, जिथं कापड पोचतच नाही तिथं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. मग कापड.

आता कोणतं. माझं उत्तर सरळ आहे, बॉडीला मायक्रोफायबर, तारांना जुनी बनियन, आणि या दोघांची अदलाबदल कधीच नाही.

मायक्रोफायबर म्हणजे काय ते थोडं समजून घ्या, कारण बाजारात त्या नावानं काहीही विकतात. याचा धागा इतका बारीक असतो की 9000 मीटर धाग्याचं वजन 1 ग्रॅमच्या आत भरतं. आणि चांगल्या मायक्रोफायबरमध्ये तो धागा परत चिरलेला असतो, जालन्याची मोसंबी आडवी कापल्यावर जशा फोडी दिसतात ना तशा पॉलिएस्टरच्या फोडी आणि मधे नायलॉनच्या रेषा, कारखान्यात त्या एकमेकींपासून सुट्या करतात. त्या फोडींच्या मधल्या फटीत धूळ आणि तेलकटपणा जाऊन बसतो, म्हणून हे कापड उचलतं. स्वस्तातल्या मालात हे चिरायचं कामच केलेलं नसतं, तो नुसता मऊ पॉलिएस्टर, दिसायला सेम, पण पाणी सुद्धा शोषत नाही.

लेबलवर 80/20 किंवा 70/30 लिहिलेलं असतं, त्यातला मोठा आकडा पॉलिएस्टरचा, छोटा नायलॉनचा (लेबलवर बऱ्याचदा पॉलिअमाइड लिहितात, तेच ते). 70/30 थोडं जास्त मऊ आणि जास्त शोषणारं. दुसरा आकडा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. 250 ते 350 च्या मधलं घ्या. 200 च्या खालचं पातळ पडतं, बोटाचा दाब थेट पॉलिशवर येतो, आणि गाडी धुवायचं 500-600 वालं जाडजूड घेतलं तर ते तारांच्या खाली, ब्रिजच्या कोपऱ्यात शिरतच नाही. साइज 40 बाय 40 सेंटीमीटर, दोनदा घडी घातली की पसरलेल्या पंजाएवढं होतं आणि उलटसुलट करून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की पुढची.

पण लेबलवर विसंबू नका, लातूरच्या गंजगोलाई बाजारात हात लावून घ्यायची सोय आहे तर तिचा वापर करा. गिटारवाल्याकडं डाव्या हाताच्या बोटांना घट्टे असतातच, ती बोटं कापडावरून हळू फिरवा. चिरलेलं मायक्रोफायबर घट्ट्यांना बारीक बारीक चिकटल्यासारखं होतं, अंगावर शहारा येतो काहींना. बोट सुळकन घसरलं तर ते कापड ठेवून द्या. घरी आल्यावर फरशीवर चमचाभर पाणी टाका आणि कापड नुसतं त्यावरून ओढा, पाणी पुसलं गेलं तर ठीक, पुढं पुढं पळायलं तर तुम्हाला फसवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, जुनी सीडी. घरात एखादी भजनाची नाहीतर लग्नाची खराब झालेली सीडी सापडतेच. तिची चकचकीत बाजू वर करून कापडानं एकाच जागी पंचवीस-तीस वेळा मध्यम दाबानं घासा, मग मोबाइलची टॉर्च तिरकी धरून बघा. नवे ओरखडे दिसले तर ते कापड गिटारला लावायचं नाही, खिडकीच्या काचेला ठेवा. कापडाच्या मधल्या भागानं घासून बघा आणि काठानं वेगळं घासून बघा, कारण बऱ्याच वेळा मधलं कापड चांगलं असतं आणि घाण करतो तो काठ. काठावर ओव्हरलॉक मारलेला जो दोरा असतो ना, तो साधा कडक पॉलिएस्टरचा. बिनशिलाईचं, कडा कापलेलं कापड मिळालं तर तेच घ्या, नाही मिळालं तर घडी घालताना चारही कडा आत घ्या. लेबलचा तुकडा शिवलेला असतो तो कात्रीनं टाके उसवून काढा, ओढून तोडलात तर खुंट राहतो आणि तोच ओरखडतो.

रंग फिकट घ्या, पांढरा, आकाशी, पिवळसर. मळ दिसला पाहिजे. गडद लाल, गडद निळं कापड कधी कधी रंग सोडतं, आणि फिकट लाकडाच्या मॅट गिटारवर किंवा मेपल लाकडाच्या नेकवर (गिटारची लांब मान) तो रंग बसला तर जाता जात नाही. शंका आली तर कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा.

गाड्या पुसायचं ते पिवळं फडकं सगळ्यांच्या घरात असतं, ते नको. नवीन असताना त्याला खळ असते, जुनं झालं की त्यात गाडीची माती. टॉवेल तर नकोच, त्याचे फास ब्रिज पिनमध्ये (ब्रिजमध्ये तार दाबून धरणाऱ्या खुंट्या), तारांच्या टोकांत, ट्युनिंग कीच्या स्क्रूत अडकतात, आणि एकदा एका लेकरानं असा अडकलेला टॉवेल ओढला तर ब्रिजची एक पिनच उपटून आली. टिश्यू पेपर आणि वर्तमानपत्र, दोन्ही नको, कागद लाकडाचाच असतो आणि तो घासतो. चष्म्याच्या डबीतलं कापड चालतं पण ते फक्त बोटांचे ठसे काढायला, त्याच्यात धूळ मावत नाही.

खादी चालते का असं विचारणारे पण आहेत. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो, आपल्याला तिचा अभिमान आहे, पण नवी खादी गिटारला लावू नका. हातानं कातलेला धागा कमी-जास्त जाडीचा असतो, मधे गाठी असतात. दहा वर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेला खादीचा सदरा असंल, बटणं आणि काजं कापून टाकली असतील, तर पाठीला, कडांना खुशाल वापरा.

मायक्रोफायबर घ्यायचंच नसंल तर दुसऱ्या नंबरला माझ्याकडं लहान बाळाचं फलालीनचं दुपटं आहे. ज्या कापडात नवं बाळ गुंडाळतात ते गिटारला काय त्रास देणार! दोन्ही बाजूंनी लव असलेलं, शंभर टक्के सुती, निदान वीस-पंचवीस वेळा धुतलेलं पाहिजे, घरात बहिणीचं, भावजयीचं जुनं असतंच. नवं आणलं तर आधी चार-पाच वेळा नुसत्या पाण्यात धुवा, खळ जाऊ द्या, सुटी लव झडू द्या. एक अडचण, सुती कापड धूळ तेवढी धरत नाही, त्यामुळं दुपट्यानं पुसताना ब्रश आधी फिरवणं सक्तीचं समजा.

आता तारा. वाजवून झालं की तारांवर घामाचं मीठ आणि बोटांचं तेल राहतं, तारा गंजतात त्या मिठानं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये 40-42 डिग्रीत पंखा लावून वाजवायचं म्हणजे हात ओलेच. इथं मायक्रोफायबर वाया घालवू नका, सुती बनियनच पाहिजे. ती घाम पिते, काळी झाली की टाकून देता येते, आणि तारेच्या टोकाला अडकली तरी काही नुकसान नाही. जुनी बनियन, शिलाया आणि पट्टी कापून टाकलेली, हाताच्या पंजाएवढे तुकडे करून ठेवा. एक तुकडा तारांच्या खालून सरकवायचा, वरून दुसरी बाजू दुमडून तार चिमटीत धरायची आणि नटपासून (ट्युनिंग कीजवळची, तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत ओढायची, एकेक तार. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो, पांढऱ्या कापडावर सहा काळ्या रेषा उठतात. बारीक दोन तारा खालून पण नीट पुसा, गंज तिथूनच चढतो. पूर्ण काम एका मिनिटाचं. आणि वाजवायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे केले तर तेवढ्यानंच तारा कितीतरी जास्त टिकतात.

हा तारांचा तुकडा बॉडीला लागता कामा नये, बरं का. त्यात धातूची काळी पूड असते.

हाताला सॅनिटायझर लावला असंल तर तो पूर्ण वाळेपर्यंत गिटार उचलू नका, त्यात अल्कोहोल असतं. भारीतल्या क्लासिकल गिटारना फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे लाखेचं, आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळवून लावतात, तेव्हा ओला सॅनिटायझर लागला की ते पॉलिश उठलंच. गिब्सन ही गिटार कंपनी नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश देत आलीय, त्याला सुद्धा अल्कोहोल चालत नाही, आणि रबर, प्लॅस्टिक दाबून ठेवलेलं सुद्धा चालत नाही, डाग पडतात, तेव्हा गाडीवाल्यांचं ते रबरासारखं लिबलिबीत ‘शॅमी’ कापड त्याच्यावर विसरून जाऊ नका. आपल्यापैकी बहुतेकांकडं ज्या गिटार आहेत त्या पॉलियुरेथेन नाहीतर पॉलिएस्टर पॉलिशच्या, त्या दणकट असतात, त्यांना फक्त ओरखड्यांची भीती.

मॅट फिनिशवाल्यांनी वेगळं लक्षात ठेवा. मॅट म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेला असतो. तुम्ही जेवढं घासाल तेवढा तो गुळगुळीत होतो, आणि मग उजवा हात टेकतो तिथं चकाकणारा पट्टा दिसायला लागतो, तो परत मॅट होत नाही. त्यांनी कापड फिरवायचं पण दाबायचं नाही, नुसतं त्याच्या वजनानं फिरू द्यायचं, आणि पॉलिश नावाची बाटली जवळ ठेवायचीच नाही.

बोटांचे ठसे, घामाचे डाग कोरड्या कापडानं निघत नाहीत तेव्हा लोक जोर लावतात. जोर नका लावू, तोंडाची वाफ सोडा, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी हा करून, आणि लगेच पुसा. एवढ्यानं नव्वद टक्के काम होतं. त्याच्यानं नाही गेलं तर कापडाचा एक कोपरा ओला करून घट्ट पिळायचा, एवढा की परत पिळला तर थेंब पडता कामा नये, आणि ओल्यानं पुसलं की लगेच कोरड्यानं. पाणी कोणतं, तर बोअरचं नाही. आपल्या बोअरचं पाणी बादलीवर, नळावर पांढरा थर कसा सोडतं ते रोज बघताच, काळ्या गिटारवर तोच थर ठिपक्यांनी उठतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिळते ती आणा (पाणी मागा, ॲसिड नाही, बाटली वाचून घ्या), वर्षभर पुरते. आरओचं पाणी पण चालंल. गिटारवर थेट स्प्रे कधीच मारू नका, साउंडहोलमधून (बॉडीवरचं गोल भोक), ब्रिजच्या फटीतून पाणी आत जातं आणि आतलं लाकूड बिनपॉलिशचं असतं. काचेचा क्लीनर, फर्निचरचा स्प्रे, गाडीचा पॉलिश यातलं काहीच नको, सिलिकॉनवालं पॉलिश एकदा लाकडात मुरलं की पुढं कधी रिपेरिंग निघालं तर नवीन फिनिश धरतच नाही.

इलेक्ट्रिकवाल्यांना हिवाळ्या-उन्हाळ्यात अजून एक त्रास, हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक कापडानं पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पट्टी) घासला की स्टॅटिक तयार होतं आणि ॲम्पमधून चट चट आवाज येतो. गिटार खराब झाली म्हणून घाबरून लेकरं फोन करतात. पिकगार्डवर वाफ सोडून सुती कापडानं हलकं पुसा, आवाज थांबतो.

फ्रेटबोर्डला, म्हणजे मानेवर बोटं दाबतो त्या पट्टीला, तिसरं कापड. रोजवूडचा किंवा एबनीचा असंल तर त्याला पॉलिश नसतं, आणि होळीनंतर तो पांढरट, कोरडा दिसायला लागतो. तारा बदलताना, वर्षातनं एकदा-दोनदा, सुती कापडावर फ्रेटबोर्ड ऑइलचे चार-पाच थेंब घ्या, थेट लाकडावर ओतू नका, चोळा, पाच मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कापडानं सगळं तेल काढून टाका. मेपलचा चकचकीत फ्रेटबोर्ड असंल तर तेल नाही, तो बॉडीसारखाच पुसायचा. आणि घरातली तेलं लावू नका, मी खोबरेल लावलेले फ्रेटबोर्ड बघितलेत, खवट वास आणि त्यावर धुळीचा चिखल. करडईचं तेल हवेत चिकट होतं, जवसाचं तर वाळून कडक थरच धरतं.

जवसाच्या तेलाचं एक मनापासून सांगतो, कारण आपल्याकडं ते काही घरांत असतं. वाळताना ते गरम होतं, आणि त्यानं भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून ती आपोआप पेट घेऊ शकते. सुतारकाम करणाऱ्यांना हे माहीत असतं. कुणी वापरलंच असंल तर चिंधी उघडी पसरून बाहेर वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा, गिटारच्या बॅगेत तर मुळीच ठेवू नका.

धुणं. मायक्रोफायबर वेगळं धुवायचं, टॉवेल-बनियनबरोबर नाही, कारण ते धूळ जशी उचलतं तशीच सुती कपड्यांची लव पण उचलतं आणि मग तीच लव गिटारवर सोडतं. कोमट पाणी, लिक्विड साबणाचे दोन थेंब, हातानं चोळायचं, दोनदा खळबळायचं. एक मग पाणी पुरतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सुद्धा मी एवढ्यातच धुवायचो आणि तेच पाणी झाडाला. कपडे मऊ करायचं लिक्विड वापरू नका, त्याचा मेणासारखा थर त्या मोसंबीच्या फोडींच्या फटी बुजवतो आणि कापड पुसायचं बंद होतं. ब्लीच नको, इस्त्री नको, धागा वितळतो. आणि वाळत घालायचं घरात, पंख्याखाली. गच्चीवर घातलं आणि एक वावटळ आली की धुतलेलं सगळं मातीत गेलं.

फरशीवर पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद, धुतल्याशिवाय गिटारला लावायचं नाही, झटकून भागत नाही. मी वर्गात एक पद्धत ठेवलीय, तीन झिपच्या पिशव्या, एकीवर स्केच पेननं बॉडी, दुसरीवर तारा, तिसरीवर तेल. लहानातलं लहान लेकरू सुद्धा चुकत नाही. कापड तारांवर पसरून बॅग बंद करायची सवय बऱ्याच जणांना आहे, कोरडं आणि स्वच्छ असंल तर हरकत नाही, पण आताच घाम पुसलेलं ओलसर कापड तसं ठेवलं की सकाळपर्यंत बारीक तारेवर तांबूस ठिपके.

हॉस्टेलवाल्यांना एवढं सगळं जमत नसंल तर एक मायक्रोफायबर आणि एका बनियनचे सहा तुकडे, एवढं बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाका. बनियन दंडाजवळची नका घेऊ, पाठीचा भाग घ्या, तिथं कापड सगळ्यात मऊ झालेलं असतं.